गारेच्या शिरेत सोनं येतं कुठून?

२०२२ साली सिंधुदुर्ग आणि चंद्रपूर जिल्ह्यांत सोन्याचे साठे असल्याच्या बातम्या आल्या आणि दक्षिण कोकणात एक प्रश्न बऱ्याच जणांच्या तोंडी आला. आमच्या परड्यात, वहाळात, काजूच्या बागेत पांढऱ्या गारेचे, म्हणजे क्वार्ट्झचे, दगड पडलेले असतात, त्यांत सोनं असेल का? प्रश्न रास्त आहे. जगातल्या कितीतरी मोठ्या सोन्याच्या खाणी गारेच्याच शिरांवर, म्हणजे खडकाच्या भेगांत भरलेल्या गारेच्या पट्ट्यांवर, चालल्या आहेत. पण नुसता दगड पांढरा आहे एवढ्यावरून काहीच कळत नाही. ती शीर कुठल्या पाण्याने भरली, ते पाणी कुठून आलं आणि वाटेत त्याचं काय झालं, हे कळलं तरच उत्तर मिळतं. होय, पाणीच. शिरेतलं सोनं पाण्यातून आलेलं असतं.

सोनं खोल जमिनीत वितळलं आणि भेगांत ओतलं गेलं, अशी बहुतेकांची समजूत असते. सोनं वितळायला १०६४ अंश सेल्सिअस तापमान लागतं. सोन्याच्या बहुतेक शिरा मात्र २५० ते ४०० अंशांच्या दरम्यान तयार झाल्या, म्हणजे सोनं वितळायच्या कितीतरी खाली. सोनं तिथे आलं ते तापलेल्या पाण्यात विरघळून, आणि गारही त्याच पाण्यात विरघळून आली. भूशास्त्रात या पाण्याला जलतापीय द्रव म्हणतात.

आता सोन्याच्या टंचाईचं बघू. पृथ्वीच्या कवचातल्या साध्या खडकात टनामागे साधारण एक ते चार मिलिग्रॅम सोनं असतं. घराच्या जोत्याचा काळा दगड, सह्याद्रीचा कडा, धक्क्याला टाकलेले धोंडे, सगळ्यांत सोनं आहेच. एका घन किलोमीटर बेसाल्टचं, म्हणजे याच काळ्या दगडाचं, वजन जवळपास ३०० कोटी टन भरतं. टनाला दोन मिलिग्रॅम धरलं तरी त्यात सहा टन सोनं झालं. पण ते काढायला अख्खा डोंगर दळावा लागेल, म्हणून त्या सोन्याला कुणी विचारत नाही. जमिनीखालची खाण परवडायची तर टनामागे काही ग्रॅम सोनं लागतं. म्हणजे खडकात विखुरलेलं सोनं कुणीतरी हजार-दोन हजार पटींनी एका जागी गोळा केलेलं असलं पाहिजे. ते काम पाणी करतं.

कोकणातल्या माणसाला गरम पाण्याचं नवल नाही. वज्रेश्वरी-गणेशपुरीपासून उन्हेरे, उन्हवरे, आरवली, तुरळ, राजवाडी आणि राजापूरजवळच्या उन्हाळ्यापर्यंत गरम पाण्याचे झरे किनाऱ्याला साधारण समांतर अशा ओळीत सापडतात. कुठे पाणी कोमट, तर कुठे हात घालवणार नाही इतकं कढत, ७० अंशांच्या आसपास. काही कुंडांजवळ गंधकाचा वासही येतो. इथे खाली ज्वालामुखी धुमसतो आहे असं समजू नये. सह्याद्री रचणारा लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, तो कधीच निवला. हे पाणी पावसाचंच. ते भेगांतून खोल उतरतं. जमिनीत दर किलोमीटरला साधारण २५ ते ३० अंश उष्णता वाढते, तिने ते तापतं आणि दुसऱ्या भेगेने वर येतं. वर येताना खालच्या खडकातला थोडा ऐवज घेऊन येतं. त्यातला एक म्हणजे सिलिका, ज्यापासून गार बनते तो पदार्थ. झऱ्याच्या पाण्यात सिलिका किती आहे हे मोजून ते पाणी खाली किती तापलं असावं याचा हिशेब मांडता येतो. कोकणातल्या झऱ्यांचा असा हिशेब केला की खालचं तापमान शंभर अंशांच्या थोडं वर निघतं. शिरा बनवणारं यंत्र हेच: भेग, उष्णता, फिरतं पाणी. फक्त आपल्याकडचं यंत्र मंद आचेवर चाललं आहे. सोनं उचलायला एवढी आच पुरत नाही, आणि पाण्यात आणखी एक गोष्ट लागते, तिच्याकडे येतोच.

कर्नाटकातल्या कोलार आणि हट्टीच्या सोन्याची गोष्ट मात्र पावसाच्या पाण्यापासून सुरू होत नाही. तिथलं पाणी खडकातूनच निघालं, आणि या सगळ्या विषयातला मला सर्वात विलक्षण वाटणारा भाग हाच आहे. सुमारे २७० कोटी वर्षांपूर्वी समुद्राच्या तळाशी लाव्हा वाहिला. समुद्राचं पाणी त्या तापल्या खडकात मुरलं आणि खडकातल्या खनिजांचं रूप बदललं. क्लोराइट नावाचं हिरवट खनिज तयार झालं, ज्याच्या कणाकणांत पाणी बांधलेलं असतं. ते भांड्यात भरलेलं पाणी नसतं, स्फटिकाच्या रचनेतच बसलेलं असतं. असा खडक हाताला कोरडा लागतो, पण त्याच्या वजनाचा काही टक्के भाग पाणी असतो. पुढे पृथ्वीच्या कवचाच्या हालचालींत हे खडक दाबले गेले, घड्या पडून खोल ढकलले गेले आणि तापत गेले. ५०० अंशांच्या आसपास क्लोराइट टिकत नाही. त्याचं दुसऱ्या खनिजांत रूपांतर होतं आणि नव्या खनिजांत पाण्याला पुरेशी जागा नसते. पाणी बाहेर पडतं. त्याच सुमारास खडकातलं पायराइट, म्हणजे लोह आणि गंधकाचं खनिज, आपला काही गंधक सोडतं. त्याच्याबरोबर कार्बन डायऑक्साइडही सुटतो. मग खडकाच्या बारीक बारीक कणांमधून गरम, गंधकयुक्त, पण खारटपणा अगदी कमी असलेलं पाणी झिरपू लागतं.

गंधक महत्त्वाचा यासाठी की सोनं कशातच सहजी विरघळत नाही. दागिना पिढ्यानपिढ्या अंगावर राहतो, घाम, पाणी, हवा कशानेच त्याचं काही बिघडत नाही, ते यामुळेच. पण तापलेल्या पाण्यात गंधक आणि हायड्रोजन यांची जोडी असेल, तर असे दोन जोड सोन्याच्या एका अणूला दोन्ही बाजूंनी धरतात आणि सोनं पाण्यात उतरतं. गंधकाने धरलं तरच सोनं प्रवास करतं, आणि त्याने हात सोडला की सोनं तिथेच बसतं. सोन्याच्या शिरांचं पुढचं सगळं शास्त्र या एका वाक्याभोवती फिरतं. याहून जास्त तापमानाच्या आणि खारट पाण्यात क्लोरिनही सोनं वाहून नेतो. पण कोलारसारख्या ठिकाणी वाहक गंधकच.

अशा पाण्यात सोनं किती असतं? पापुआ न्यू गिनीमध्ये लिहिर नावाचं बेट आहे. तिथल्या निवत चाललेल्या ज्वालामुखीत लाडोलाम ही सोन्याची मोठी खाण आहे आणि खाली गरम पाणी अजून फिरतं आहे. सुमारे किलोमीटरभर खोल खोदलेल्या विवरांतून काढलेल्या पाण्याची मोजणी २००६ साली प्रसिद्ध झाली. एका लिटरमागे सुमारे १५ मायक्रोग्रॅम सोनं निघालं, म्हणजे हजार लिटरमागे १५ मिलिग्रॅम. दहा ग्रॅम सोनं जमायला साडेसहा लाख लिटरहून जास्त पाणी लागेल, दहा हजार लिटरचे ६७ टँकर. तरीही त्या पाण्यातून वर्षाला सुमारे २४ किलो सोनं वर येतं, आणि या वेगाने तिथला सुमारे १३०० टनांचा साठा भरायला ५५ हजार वर्षं पुरतात. भूशास्त्रात ५५ हजार वर्षं म्हणजे काहीच नाही. लिहिरचा प्रकार कोलारहून वेगळा आहे, उथळ आणि ज्वालामुखीशी जोडलेला. पण थेंबाथेंबात नगण्य असलेलं सोनं खाणीएवढं कसं होतं, हे त्या आकड्यांवरून स्पष्ट दिसतं.

आता गारेकडे. सिलिका थंड पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. साध्या तापमानाला लिटरमागे जेमतेम सहा ते दहा मिलिग्रॅम क्वार्ट्झ उतरतं. २०० अंशांना ते अडीचशे मिलिग्रॅमच्या पुढे जातं आणि ३०० अंशांना सातशेच्या घरात. दाब वाढला की आणखी. त्यामुळे खोलातून येणारं पाणी सिलिकेने भरलेलं असतं, आणि ते निवलं किंवा त्याच्यावरचा दाब घटला की सिलिका बाहेर पडून भेगेच्या भिंतींवर गार वाढू लागते. एक गोष्ट लक्षात ठेवा. टनाला पाच ग्रॅम सोनं असलेल्या चांगल्या शिरेतसुद्धा एक ग्रॅम सोन्यामागे दोन लाख ग्रॅम इतर खनिजं असतात, त्यांत बहुतांश गार. गार बसायला सोनं असण्याची काही गरज नाही. म्हणूनच जगातल्या बहुतेक गारेच्या शिरा कोऱ्या असतात.

पाणी खोलात सुटलं, पण ते कणाकणांत विखुरलेलं आहे. ते एका वाटेला कसं लागतं? इथे भ्रंश येतात, म्हणजे जमिनीतल्या अशा फटी ज्यांच्या दोन्ही बाजूंचे खडक एकमेकांवरून सरकतात. कोलारसारख्या शिरांत सोनं गोळा होतं ते भूपृष्ठापासून साधारण ५ ते १५ किलोमीटर खोल. दहा किलोमीटरवर वरच्या खडकाचा भार वातावरणाच्या दाबाच्या अडीच हजार पटींहून जास्त असतो. एवढ्या भाराखाली भेग आपणहून उघडी राहू शकत नाही. पाण्यालाच ती उघडावी लागते. भ्रंशाखाली पाणी साठत जातं, त्याचा दाब वाढत जातो, आणि तो खडकाच्या भाराला भिडला की भ्रंशाच्या दोन्ही बाजू एकमेकींना घट्ट धरून राहू शकत नाहीत. भ्रंश सरकतो. वर भूकंप होतो.

पाण्याने भ्रंश सरकतो हे आपल्याकडे वेगळं सांगायला नको. कोयना धरण भरल्यावर काही वर्षांत, ११ डिसेंबर १९६७ रोजी तिथे मोठा भूकंप झाला आणि त्याचे हादरे घाटाखाली कोकणातही बसले. जलाशयाचा भार आणि भेगांत शिरलेल्या पाण्याचा दाब यांमुळे आधीच ताणाखाली असलेले भ्रंश हलले, असं त्याचं स्पष्टीकरण आहे. तिथे पाणी वरून उतरलं. सोन्याच्या शिरांत ते खालून चढतं. पण पाण्याच्या दाबाने खडकाची पकड सैल होते, हे दोन्हीकडे सारखंच.

अलिबागच्या खारेपाटात ज्यांनी शेतबांधाची उघाडी पाहिली आहे त्यांना पुढचा भाग लगेच समजेल. उघाडीचं दार कुणी उघडत नाही की लावत नाही. आतल्या पाण्याचा रेटा वाढला की दार बाहेर ढकललं जाऊन पाणी खाडीत जातं, आणि भरतीचा रेटा आला की तेच दार घट्ट बसतं. भ्रंशही असाच दाबावर उघडतो आणि मिटतो. फरक एवढाच की उघडल्यावर पाणी निसटतं, दाब कोसळतो, आणि दार बंद करण्याचं काम गार करते. ती भेगेत साचून वाट बुजवते. खाली पुन्हा पाणी साठू लागतं, दाब पुन्हा चढतो, भेग पुन्हा फुटते. १९८८ साली भूशास्त्रज्ञ रिचर्ड सिबसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही कल्पना नीट मांडली आणि सोन्याच्या शिरांकडे बघण्याची दृष्टी बदलली. खाणीतल्या गारेत पातळ पट्टे एकावर एक दिसतात, मधे बाजूच्या काळ्या खडकाचे पापुद्रे अडकलेले असतात. त्यातला जवळपास प्रत्येक पट्टा म्हणजे एकदा उघडलेली आणि मिटलेली भेग. एका शिरेत असे शेकडो पट्टे असू शकतात.

या उघडझापीत सोनं नेमकं कधी खाली बसतं? भेग फुटते त्या क्षणी पाण्यावरचा दाब एकदम उतरतो. त्यातला कार्बन डायऑक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड वायू होऊन पाण्यातून सुटतात. हायड्रोजन सल्फाइड गेला म्हणजे सोन्याला धरून ठेवणारा गंधक गेला. सोनं पाण्यात राहूच शकत नाही. २०१३ साली ऑस्ट्रेलियातल्या डायन वेदरली आणि रिचर्ड हेन्ली यांनी या क्षणाचं गणित मांडलं. भूकंपात भ्रंशाच्या वळणावरची पोकळी इतक्या झटक्यात फाकते की आतल्या पाण्याची वाफ होते आणि सिलिका व सोनं जवळजवळ तत्काळ बाहेर पडतात, असं त्यातून निघालं. एका धक्क्यात पडणारं सोनं किरकोळच. पण छोटे धक्के लाखो वर्षांत किती बसत असतील, विचार करा.

दुसरा सापळा लोहाचा. गंधकाला लोहाची ओढ मोठी. सोनं घेऊन चाललेलं पाणी लोहाने भरलेल्या खडकाला भिडलं की गंधक सोन्याला सोडून लोहाशी जोडला जातो. पायराइट तयार होतं आणि सोनं त्या पायराइटच्या आत किंवा कडेला बसतं. त्यामुळे बऱ्याच खाणींत चांगलं सोनं शिरेच्या पोटात कमी आणि शिरेला लागून असलेल्या बदललेल्या खडकात जास्त मिळतं. लोहाच्या पट्टेदार खडकांत सोन्याचे साठे सापडतात तेही याच कारणाने. अमेरिकेतली होमस्टेक ही एके काळची प्रचंड खाण अशाच खडकात होती.

तरी एक कोडं उरतंच. पाण्यात सोनं इतकं विरळ असतं, मग काही शिरांत ते डोळ्यांना दिसेल अशा गोळ्यांत का मिळतं? सगळीकडे सारखं का पसरत नाही? याचं एक उत्तर २०२४ साली ऑस्ट्रेलियातल्या मोनॅश विद्यापीठात ख्रिस्तोफर वॉइसी आणि सहकाऱ्यांनी दिलं, आणि त्याचं मूळ गारेच्या एका जुन्या, माहीत असलेल्या गुणात आहे. क्वार्ट्झवर दाब दिला की त्याच्या पृष्ठभागावर वीज तयार होते. हा गुण क्युरी बंधूंनी १८८० साली दाखवला होता आणि क्वार्ट्झची मनगटी घड्याळं त्याच गुणावर चालतात. मोनॅशमध्ये क्वार्ट्झच्या पट्ट्या सोनं विरघळलेल्या द्रवात ठेवून भूकंपाच्या लहरींइतक्या गतीने हलवल्या. त्या विजेने सोनं क्वार्ट्झवर बसलं, आणि जिथे सोन्याचा कण आधीच होता तिथे नवं सोनं अधिक जमलं. क्वार्ट्झ विजेचा वाहक नाही, सोनं उत्तम वाहक आहे, म्हणून सोन्याकडे सोनं जातं. जमिनीखालच्या प्रत्येक गोळ्याची कथा हीच असेल असं नाही, पण मला हे स्पष्टीकरण पटतं. शीर भूकंपाने उघडते हे आधीच ठाऊक होतं. तोच भूकंप गारेतून वीज काढतो, हे त्यात आता जोडलं गेलं.

कोट्यवधी वर्षांपूर्वी किलोमीटर-किलोमीटर खोल घडलेलं हे सगळं कळतं कशावरून, हा प्रश्न कुणीही विचारील. गार वाढताना तिच्यात पाण्याचे सूक्ष्म थेंब अडकतात. केसाच्या जाडीहूनही लहान. मूळ पाण्याचे हे नमुने गारेने बंद करून ठेवलेले असतात. गारेचा पातळ काप घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर थेंबात एक बुडबुडा हलताना दिसतो. काप हळूहळू तापवत नेला की एका तापमानाला बुडबुडा नाहीसा होतो, आणि त्यावरून तो थेंब किती अंशांना अडकला असेल याचा अंदाज बांधता येतो. थंड करत नेला की तो कुठल्या तापमानाला गोठतो आणि वितळतो त्यावरून खारटपणा कळतो, कार्बन डायऑक्साइड कळतो. आणखी एक गोष्ट, जी कळल्यापासून रस्त्याकडेचा साधा गारेचा दगडही मी उचलून बघतो. शुद्ध क्वार्ट्झ काचेइतकं पारदर्शक असतं. आपल्या ओळखीची गार दुधाळ पांढरी दिसते ती बहुतेक वेळा या असंख्य थेंबांमुळे, कारण प्रकाश त्यांच्यावर आदळून विखुरतो. पांढरेपणा सोन्याबद्दल काही सांगत नाही, पण त्या भेगेतून पाणी गेलं होतं हे तो सांगतो.

कोलारमध्ये हे सगळं सुमारे २५० कोटी वर्षांपूर्वी जुळून आलं. नंतर वरचे कितीतरी किलोमीटर खडक झिजून गेले आणि शिरांचं वरचं टोक उघडं पडलं. १८८० च्या दशकापासून २८ फेब्रुवारी २००१ ला खाण बंद होईपर्यंत तिथून सुमारे ८०० टन सोनं निघालं, आणि खाण तीन किलोमीटरहून खोल गेली. टनाला दोन मिलिग्रॅमचा हिशेब पुन्हा लावला तर एवढ्या सोन्यासाठी सव्वाशेहून जास्त घन किलोमीटर खडक धुतला गेला असला पाहिजे, तेही त्यातलं सगळं सोनं निघालं असं मानलं तर. रायचूर जिल्ह्यातली हट्टीची खाण आजही चालू आहे.

मग कोकणात काय? रायगड, रत्नागिरीचा बहुतेक भाग बेसाल्टचा. या खडकाच्या पोकळ्यांतही गार आणि अकीक मिळतात, झिओलाइटचे सुंदर स्फटिक मिळतात, आणि तेही गरम पाण्यानेच केलेलं काम आहे. पण ते पाणी जवळपासच्या लाव्ह्यातच फिरलेलं, त्यामानाने कोमट, आणि सोनं उचलायला लागेल एवढा गंधक त्यात नाही. हा खडक खोल दाबला गेला नाही, ५०० अंशांना शिजला नाही, त्याच्यातलं पाणी पिळून निघालं नाही. रत्नागिरीच्या काळ्या दगडातल्या गारगोटीत सोनं शोधण्यात अर्थ नाही, हे मी ठामपणे सांगेन.

सिंधुदुर्गाची गोष्ट वेगळी. तिथे बेसाल्टचं पांघरूण विरत जातं आणि खालचे जुने, दाब आणि उष्णतेने रूप बदललेले खडक वर येतात: नाइस, शिस्ट, क्वार्ट्झाइट. कर्नाटकातलं सोनं ज्या धारवाड कुळातल्या खडकांत आहे त्याच कुळातले खडक इथे आणि गोव्यात आहेत. रेडीचं लोहखनिज अशाच जुन्या पट्टेदार लोहखडकांपासून झालेलं, आणि कणकवली भागात क्रोमाइट हे क्रोमियमचं खनिजही मिळतं. जुना लाव्हा आहे, लोह आहे, भ्रंश आहेत, म्हणून तिथे शोध घेणं शास्त्राला धरून आहे. पण खडकाचं कूळ जुळलं म्हणजे सोनं मिळालंच असं नाही. पाणी पुरेसं सुटलं का, एका वाटेला लागलं का, त्याला योग्य जागी अडवणारं काही होतं का, या प्रत्येक पायरीला बहुतेक शिरा गळतात.

शिवाय आपल्याकडे जांभ्याची एक अडचण आहे. उष्ण हवा आणि धो धो पाऊस यांनी वरचा खडक कुजून जांभा होतो, गंधकाची खनिजं नाहीशी होतात, आणि शिरेचा वरचा भाग खालच्या भागाबद्दल भलतंच सांगू शकतो. केरळ-तमिळनाडूच्या सीमेवरच्या वायनाड भागात हे घडलं आहे. तिथे हवामान आपल्यासारखंच. १८८० च्या सुमारास तिथल्या शिरांच्या वरच्या भागात सोनं दिसलं म्हणून लंडनमध्ये डझनावारी कंपन्या उभ्या राहिल्या, लोकांनी शेअर घेतले, यंत्रं डोंगरावर चढली. खाली गेल्यावर फारच थोडं हाती लागलं आणि काही वर्षांत सगळं बुडालं. कुजण्यात हलके पदार्थ वाहून गेले की टिकाऊ सोनं मागे उरून वर दाटतं. त्यामुळे पृष्ठभागावरचे आकडे बघून हुरळू नये.

आता ज्यांच्या हातात प्रत्यक्ष दगड आहे त्यांच्यासाठी. वाळूत किंवा मातीत पिवळं चकाकणारं बहुतेक वेळा अभ्रक असतं. काळं अभ्रक कुजलं की सोनेरी होतं, नखाने त्याचे पापुद्रे निघतात आणि ते पाण्यात सहज तरंगत जातं. सोनं पाण्याच्या १९ पट जड, ते तळाला बसतं. पिवळं आणि चौकोनी कडांचं असेल तर पायराइट. हातोडीने ठोकलं की त्याचा भुगा होतो, सोनं चपटं होतं. सोनाराच्या कसोटीवर किंवा कपाच्या बुडाच्या खरबरीत भागावर घासा: सोन्याची रेघ पिवळी उठते, पायराइटची हिरवट काळी. पायराइट निघालं म्हणून मात्र दगड टाकून देऊ नका, कारण लोहाच्या सापळ्यात सोनं त्याच्याच आत लपलेलं असतं आणि डोळ्यांना दिसत नाही.

डोळ्यांवर विसंबायचं नाही याचं कारण आकड्यांतच आहे. टनाला पाच ग्रॅम म्हणजे उत्तम दर्जाचा खडक. त्याच्या एक किलोच्या दगडात पाच मिलिग्रॅम सोनं असतं, आणि ते सगळं एकत्र केलं तरी अर्ध्या मिलिमीटरहून जरा मोठ्या बाजूचा एक घन होतो. प्रत्यक्षात ते हजारो कणांत विखुरलेलं असतं. म्हणून नमुना हातात आला तो तपासून भागत नाही. शिरेच्या आडव्या दिशेने, एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत आणि बाजूच्या बदललेल्या खडकासकट, सलग पट्टा खोदून नमुना घ्यावा लागतो. तो दळून शिशाबरोबर भट्टीत वितळवतात. शिसं सोनं-चांदी आपल्यात ओढून घेतं, मग शिसं जाळून काढून उरलेला मणी तोलतात. असे अनेक नमुने, मग जांभ्याच्या खाली ताज्या खडकापर्यंत विवरं, मग त्या विवरांतून निघालेल्या खडकाच्या लांब कांड्यांचे पुन्हा नमुने. सिंधुदुर्गात किती सोनं आहे याचा भरवशाचा आकडा हवा असेल तर तो याच क्रमाने मिळेल.